रात्री कोण असेल? रमाईच्या नावाने प्रसूतिगृह उभारण्याआधी



गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या बुद्ध विहारात बैठक झाली. विषय एकच होता, माता रमाईच्या नावाने धर्मादाय प्रसूतिगृह. नोकरीतून निवृत्त झालेल्या काही बांधवांनी आराखडाच छापून आणला होता. वीस गुंठे जागा, तीस खाटा, दर्शनी भागात रमाईचा पुतळा आणि प्रत्येक खोलीवर देणगीदाराच्या नावाची पाटी. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

मग मागे भिंतीला टेकून बसलेली एक आजी उठली. म्हणाली, "साहेब, समदं चांगलं हाय. पण त्या दवाखान्यात रातच्याला कोन ऱ्हाईल?"

कुणीतरी हसले. अध्यक्ष म्हणाले, "आजी, ते नंतर बघू. आधी जागा तर होऊ द्या." आजी बसली. बैठक पुढे गेली.

आजी हे का विचारत होती, हे त्या विहारात निम्म्या लोकांना ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी तिची सून गेली. वय चोवीस, तिसरे बाळंतपण. नवरा-बायको दोघेही ऊसतोडीला जाणारे. त्या हंगामात पोट मोठे म्हणून ती मागे राहिली होती. रात्री अकराला कळा सुरू झाल्या. उपकेंद्राला कुलूप. गाडी मिळायला तास गेला. ग्रामीण रुग्णालयात नर्स होती, तिने बाळंतपण केले, बाळ सुखरूप झाले. पण रक्त थांबेना. तिथे ना रक्त होते, ना भूल देणारा डॉक्टर. चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला गेला: रेफर. जिल्ह्याचे ठिकाण साठ-सत्तर किलोमीटर. ती वाटेतच गेली. ते बाळ आज आजीच्या मांडीवर वाढते आहे.

त्या रुग्णालयाला इमारत होती, तीस खाटा होत्या, पाटी होती, उद्घाटनाची संगमरवरी कोनशिलाही होती. त्या रात्री माणूस नव्हता आणि रक्त नव्हते. म्हणून आजीचा प्रश्न अडाणी नव्हता. सगळ्या बैठकीत मुद्द्याचा प्रश्न तेवढाच होता. या लेखात मी त्याचेच उत्तर शोधतो आहे.

दोन बाजू, दोन्ही अर्ध्या

बैठकीनंतर आमच्या कार्यकर्त्यांत दोन तट पडले. पहिला तट म्हणतो, "आरोग्य ही सरकारची जबाबदारी. बाबासाहेबांनी आपल्याला हक्क दिले, धर्मादाय नाही. आपण दवाखाना काढला की सरकार हात झटकून मोकळे." दुसरा तट म्हणतो, "तुमची निवेदने वाचायला कुणाला वेळ आहे? तोवर बायका मरतात. आपला दवाखाना आपणच काढू."

मी प्रामाणिकपणे सांगतो, बरीच वर्षे मी पहिल्या तटात होतो. एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना 'कल्याणकारी राज्य' या विषयावर मी पाने भरली आहेत. पहिल्या तटाचे म्हणणे खोटे नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये प्रसूती साहाय्याची तरतूद करण्याचे आणि अनुच्छेद ४७ मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे. त्याच्याही दोन दशके आधी, १९२८ साली, मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मातेची विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न मानला होता. तिचा भार सरकारने उचलावा आणि तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानेही तो टाळू नये, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ चा मुंबई प्रांताचा कायदा त्यातून आला. म्हणजे बाळंतीण ही कुणाच्या दयेचा विषय नाही, हे आपल्याकडे जवळपास शंभर वर्षांपूर्वी सांगून झाले आहे.

पण पहिला तट एक गोष्ट विसरतो. आजीच्या सुनेला त्या रात्री अनुच्छेद ४७ गाडी आणून देत नव्हता. हक्क कागदावर असतो, तो रात्री एक वाजता वस्तीत आणायला संघटित माणसे लागतात.

आणि दुसरा तट विसरतो तो मुद्दा आजीने विचारला आहे.

बाई कशाने मरते?

बाळंतपणात बाई मरते ती मुख्यतः रक्तस्रावाने, वाढलेल्या रक्तदाबाने व झटक्यांनी, जंतुसंसर्गाने. त्यात अंगात रक्त कमी असले तर धोका आणखी वाढतो. बाळंतपणानंतरचा न थांबणारा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो. म्हणून सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात 'तीन उशीर' सांगतात. दवाखान्यात जायचा निर्णय घ्यायला उशीर, पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर.

आता आपला आराखडा या तीन उशिरांसमोर ठेवा. तीस खाटांची इमारत पहिला उशीर कमी करते का? नाही. दुसरा? फक्त तालुक्याच्या गावाजवळ राहणाऱ्यांचा. तिसरा? स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्त आणि नर्स चोवीस तास असतील तरच. नसतील तर आपलाही दवाखाना रेफरची चिठ्ठीच लिहील, फक्त तिच्यावर रमाईचे नाव असेल.

साधा हिशेब करू. आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याचे सात दिवस, म्हणजे एकवीस पाळ्या. एक नर्स आठवड्याला सहा पाळ्या करते. फक्त एक नर्स कायम हजर ठेवायची तरी चार नर्स लागतात. रजा-आजारपण धरले तर पाच. प्रसूतीच्या खोलीत एकटी नर्स पुरत नाही, बाळाकडे बघायचे की आईकडे? दोन ठेवल्या तर नऊ-दहा. त्यावर डॉक्टर, आया, सफाई कामगार, चालक. इमारत एकदाच बांधायची असते, पगार दर महिन्याला. देणगीदार इमारतीला पैसे देतो, कारण इमारतीवर पाटी लागते. रात्रपाळीच्या नर्सच्या पगारावर कुणाच्या आजोबांच्या नावाची पाटी लावता येत नाही. धर्मादाय दवाखाने बंद पडतात ते इथे, आणि टिकतात ते अनेकदा फी वाढवून. मग 'धर्मादाय' हा शब्द फक्त कमानीवर उरतो.

ही भीती काल्पनिक नाही. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, असा नियम आहे. तो सक्तीने लावावा लागला, यातच सगळे आले. २०२५ मध्ये पुण्यात एका गरोदर मातेच्या मृत्यूनंतर अनामत रकमेचा प्रश्न राज्यभर पेटला, तो एका धर्मादाय रुग्णालयावरच्या आरोपांवरून. सुरुवातीला तिथेही कुणीतरी दानशूर भावनेनेच पाया घातला असेल ना?

आकडे आणि वस्ती

कुणी म्हणेल, महाराष्ट्राची स्थिती चांगली आहे. खरे आहे. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू, तर महाराष्ट्रात ३३. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसते. पण त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोहोचू लागली, पण पोहोचते ती रिकाम्या अंगाने. आणि सरासरीला वस्ती दिसत नाही. दिवाळीनंतर कोयता घेऊन जिल्हा सोडणारी गरोदर बाई इथल्या आशाताईच्या वहीत असते आणि राहते दुसऱ्या जिल्ह्यातल्या उसाच्या फडात. तिची सोनोग्राफी कोण करणार, तिच्या लोहाच्या गोळ्या कोण देणार?

यात जात कुठे आहे, असे कुणी विचारले तर सांगतो. अनेक गावांत सुईणीचे काम मांग-महार बायकांकडेच होते. अख्ख्या गावाची लेकरे ज्या हातांनी जगात आणली, त्या हातांना बाळंतिणीचा विटाळ संपला की उंबऱ्याबाहेर ठेवले जाई. आज तीच बाई प्रसूतीच्या खोलीत आडवी असते आणि तिला ऐकावे लागते, "ओरडू नको, दरवर्षी येतेस." हे मी स्वतः दाराबाहेर उभा राहून ऐकले आहे. म्हणून आपल्या बायका घरीच थांबतात, शेवटच्या क्षणी निघतात. पहिला उशीर हा असा जातीतूनही जन्मतो. त्यावर उपाय खाटेचा नाही, सोबतीचा आहे.

आपल्याकडे दाखले आहेत

१८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीमाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. आजच्या भाषेत ते प्रसूतिगृहच होते. त्यांनी आधी वर्गणी काढून वाडा बांधला नाही, स्वतःच्या घराचे दार उघडले. ज्या जातीने त्यांच्यावर शेण फेकले, त्याच जातीच्या विधवांसाठी ते उघडले. तिथे जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतले, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या. आपल्या परंपरेत दवाखान्याची सुरुवात माणसापासून झाली आहे.

दुसरा दाखला छत्तीसगडमधल्या दल्ली राजहराचा. तिथल्या लोखंडाच्या खाणीतल्या ठेका कामगारांची संघटना होती, शंकर गुहा नियोगी तिचे नेते. संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात योग्य उपचाराअभावी गेल्या. हजारो कामगार जमले. तोडफोड करता आली असती. त्यांनी ठरवले, आपले प्रसूतिगृह आपण काढू. पण त्यांनी आधी काय केले? कामगारांमधूनच आरोग्य कार्यकर्ते तयार केले. सोबत काम करायला तयार असलेले डॉक्टर मिळवले. २६ जानेवारी १९८२ रोजी छोटा बाह्यरुग्ण दवाखाना सुरू केला. आणि ३ जून १९८३ रोजी, १९७७ च्या गोळीबारातल्या शहीद कामगारांच्या स्मृतीत, पंधरा खाटांचे शहीद हॉस्पिटल उभे राहिले. वर्गणी कामगारांची, श्रमदान कामगारांचे. उद्घाटनाला मंत्री नव्हता, एक जुना खाणकामगार आणि एक म्हातारा शेतकरी होता. १९९१ मध्ये नियोगींचा खून झाला, तरी हॉस्पिटल चालू राहिले.

पहिल्या तटाला मी हा दाखला मुद्दाम देतो. त्या कामगारांनी हॉस्पिटल काढले म्हणून मालकाशी आणि सरकारशी भांडणे सोडले नाही. उलट स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या माणसाला सरकारी दवाखान्यात नेमके काय नाही, हे जास्त कळते. आणि दुसऱ्या तटालाही देतो. क्रम बघा: आधी माणसे, मग ओपीडी, मग इमारत.

आपल्याच राज्यात जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावोगावच्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले, त्यांत दलित आणि निरक्षर बायकाही होत्या. जिच्या हातचे पाणी चालत नव्हते, तिच्या हाताने गाव बाळंत होऊ लागले. गडचिरोलीत बंग दांपत्याने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्यू निम्म्याहून कमी केले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले. तिथे फरक पडला तो शिकलेल्या बाईने.

मग आपण काय करायचे?

मी प्रसूतिगृहाच्या विरोधात नाही. मी क्रमाविषयी भांडतो आहे. पुढच्या बैठकीत मी हे पाच ठराव मांडणार आहे.

पहिला: रक्त. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपली पोरे रांगा लावून रक्त देतात, फोटो काढतात, प्रमाणपत्र घेतात. आणि जुलैत आपल्याच वस्तीतल्या बाईला एक पिशवी मिळत नाही. तालुक्यातल्या प्रत्येक वस्तीची रक्तगटासह यादी करा. शिबिरे दोन दिवसांत न उरकता वर्षभर वाटून घ्या. आणि ग्रामीण रुग्णालयात रक्त साठवण केंद्र सुरू करण्याची मागणी लावून धरा. याला एक गुंठाही जागा लागत नाही.

दुसरा: सोबतीण. प्रत्येक वस्तीतून दोन बायका निवडा, त्यांना धोक्याची लक्षणे शिकवा आणि त्यांना मानधन द्या. बाईबरोबर दवाखान्यात जायचे, तिथे थांबायचे, प्रश्न विचारायचे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर 'का' एवढे विचारणारी बाई शेजारी उभी असली तरी पुष्कळ फरक पडतो.

तिसरा: माहेरघर. आदिवासी भागात सरकारने प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ अशी घरे केली, जिथे गरोदर बाई दिवस भरत आले की येऊन राहते. जिथे रात्रीही सिझेरियन होते, अशा सरकारी रुग्णालयाजवळ आपण चार खोल्या भाड्याने घेऊ. उसाच्या फडातून आलेली बाई तिथे दोन आठवडे राहील, पोटभर खाईल. दुसरा उशीर इथेच संपतो. रमाईचे नाव द्यायचे तर पहिल्यांदा या चार खोल्यांना द्या.

चौथा: हिशेब मागणे. ग्रामीण रुग्णालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, भूलतज्ज्ञ किती दिवस हजर होता, हे माहितीच्या अधिकारात दर सहा महिन्यांनी मागवू आणि विहाराच्या फळ्यावर लावू. प्रत्येक मातामृत्यूचे अन्वेषण करण्याची पद्धत सरकारकडे आहे. आपल्या वस्तीतल्या मृत्यूचे ते झाले का, हे विचारू. रुग्ण कल्याण समितीत आपले माणूस पाठवू.

पाचवा: निधी. बाबासाहेबांनी आपल्याकडे उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागितला होता. तो आपण किती जण देतो, हे ज्याने त्याने मनाला विचारावे. हे पैसे बांधकामाला न लावता आधी पाच नर्सच्या दोन वर्षांच्या पगाराएवढा निधी बँकेत ठेवा. दोन वर्षे हे चारही कामे चालवून दाखवू. चालली, तर नर्सिंग होम नोंदणी कायद्याप्रमाणे परवानगी घेऊन दहा खाटांचे प्रसूतिगृह काढू, सर्व जातींच्या बायकांना खुले. नाही चालली, तर तीस खाटाही चालणार नव्हत्या, एवढे तरी स्वस्तात कळेल.

दान कशाला म्हणायचे?

बैठकीत एक निवृत्त अधिकारी मला म्हणाले, "अरे, लोक इमारतीलाच पैसे देतात. पगाराला कोण देईल?" त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे, आणि पैसे गोळा करण्याचे कष्ट त्यांनीच घेतले आहेत, हे मी विसरत नाही. पण काका, मग आपल्याला लोकांना हेच शिकवावे लागेल. दान ही आपल्या दहा पारमितांपैकी एक. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिले ते दान. भिंतीवरची पाटी ही परतफेडच आहे.

रमाईची चार लेकरे गेली. औषधपाण्याला पैसा नव्हता, नवरा ज्ञानासाठी झिजत होता आणि ती शेणी थापत होती. तिच्या दुःखाचे स्मारक करायचे असेल तर ते पुतळ्याने होणार नाही. रात्री एक वाजता वस्तीतून कुणी हाक मारली आणि एक शिकलेली सोबतीण, एक गाडी आणि एक रक्ताची पिशवी हजर झाली, तर होईल.

तुमच्या तालुक्यातही अशी बैठक झाली असेल किंवा होणार असेल. तिथे जा. आराखडा नीट बघा. टाळ्या वाजवण्याआधी हात वर करा आणि आमच्या आजीचा प्रश्न विचारा: रात्री कोण असेल?

उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.

जयभीम. नमो बुद्धाय.